शिकेकाई, रिठा, कोरफड: वनस्पतींकडे वळण्याआधी काय समजून घ्यावं

खान्देशात केसांच्या आणि त्वचेच्या निगेबद्दल बोलायचं तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते. ज्या घरात बोअरचं पाणी येतं तिथे बादलीच्या आतल्या कडेला पांढरट थर धरलेला दिसतो, गिझरची कॉइल क्षारांनी मढलेली निघते, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. अमळनेर-पारोळ्याकडच्या बाया सांगतात, "आमना बोरना पाणीमा साबनना फेसच येत नही." डोकं धुतल्यावर केस राठ होतात, विंचरताना तुटतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, हे सगळं केमिकलमुळे होतंय, नैसर्गिक वापरायला लागा.

सल्ला वाईट नाही. पण त्यामागचं कारण नीट कळलं नाही तर दोनशे रुपयांच्या शाम्पूऐवजी सहाशे रुपयांचा शाम्पू येतो आणि केस तसेच राहतात. म्हणून आधी फेस का येत नाही ते पाहू.

जमिनीत मुरलेलं पाणी खडकांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतं. असं पाणी जड. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे. तेलाकडचं टोक मळाला धरतं, पाण्याकडचं टोक त्याला धुऊन नेतं, एवढंच साबणाचं काम. जड पाण्यातला कॅल्शियम नेमका साबणाच्या पाण्याकडच्या टोकाला जाऊन चिकटतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो त्यात हाही असतो, आणि तोच केसांवरही बसतो. केस धुऊनही मेणचट आणि खरखरीत लागतात ते या साक्यामुळे. तेव्हा अंगाच्या साबणाने डोकं धुणं थांबवलं, एवढ्यानेच कितीतरी घरांत फरक पडेल.

साबणाची दुसरी अडचण तो आम्लारीधर्मी आहे ही. आम्लता मोजायची पीएच नावाची पट्टी ० ते १४ अशी असते. ७ म्हणजे मध्य, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. या पट्टीवर एक अंक सरकला की फरक दसपट होतो. आपल्या त्वचेचा वरचा थर साधारण ४.५ ते ५.५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो, आणि ती आम्लता जंतूंना रोखते, ओलावा धरून ठेवते. साबणाचा पीएच ९ ते १० असतो. निरोगी त्वचा काही तासांत पुन्हा मूळ पातळीवर येते, पण दिवसातून तीनदा साबणाने तोंड धुणाऱ्या मुलीच्या त्वचेला ती सवडच मिळत नाही.

आता हा साबण कशापासून बनतो? तेल आणि कॉस्टिक सोडा. आपल्या अमळनेरात १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी उभी राहिली, तीच पुढे विप्रो झाली. संगणकाशी तिचा संबंध फार नंतरचा. सुरुवात झाली ती वनस्पती तूप, खाद्यतेल आणि कपड्यांच्या साबणापासून. वनस्पती तेलाचा साबण म्हणजे उगमाने पूर्ण वनस्पतिजन्यच. तरीही तो त्वचेला रखरखीत करू शकतो, कारण तेल झाडाचं आहे एवढ्यावरून साबण सौम्य ठरत नाही. शाम्पूत ज्याच्या नावाने सगळे घाबरतात तो सोडियम लॉरिल सल्फेट पुष्कळदा खोबरेल किंवा पाम तेलापासूनच बनवतात. उलट पेट्रोलियम जेली जमिनीतल्या खनिज तेलातून येते, आणि भेगाळलेल्या, चिरलेल्या त्वचेवर इतकं निर्धोक दुसरं काही क्वचितच मिळेल; तिची ॲलर्जी फार दुर्मिळ. मला या विषयात सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हेच: वस्तू झाडातून आली की कारखान्यातून, हा पहिला प्रश्न नव्हे. ती काय काम करते, ती कशी टिकते आणि ती तुमच्या अंगाला मानवते का, हे तीन प्रश्न पुरे.

या तिन्ही प्रश्नांना शिकेकाई आणि रिठा चांगले उतरतात, म्हणून बदलाची सुरुवात इथून करावी असं मी म्हणेन. दोघांतही सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. तीही साबणासारखीच एका टोकाने तेल आणि दुसऱ्याने पाणी धरतात, पण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्यांचा साका होत नाही. शिवाय त्यांचा काढा आम्लाकडे झुकलेला असतो, त्यामुळे केसांवरचे बारीक खवले मिटून बसतात आणि केस कमी गुंततात. बोअरच्या पाण्याच्या गावांत आज्यांनी शिकेकाई सोडली नाही, यामागे नुसती सवय नव्हती.

काढा करायला रात्री मूठभर शिकेकाईच्या शेंगा तोडून बिया काढाव्यात, चार-पाच रिठे फोडून आतली काळी टणक बी टाकून द्यावी, दोन चमचे आवळकाठी घ्यावी आणि सगळं दीड लिटर पाण्यात भिजत घालावं. सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळावं. गार झाल्यावर हाताने कुस्करलं की रिठ्याची सालं निसरडी होऊन सुटतात आणि पातेल्यात तपकिरी फेस चढतो. मग दुहेरी सुती कापडातून गाळायचं, पिळून. बाजारची पूड थेट केसांत घातली की तिचे कण टाळूवर अडकून राहतात आणि खाज सुटते. बऱ्याच जणी "मला शिकेकाई सोसत नाही" म्हणतात त्यातल्या काहींचं दुखणं शिकेकाईचं नसून न गाळलेल्या पुडीचं असतं. लोखंडी कढईत भिजवलं तर आवळ्यातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन काढा काळपट होतो. तो खराब झालेला नसतो.

मर्यादाही सांगते. डोळ्यात गेला तर हा काढा जोरात झोंबतो, लहान मुलांना वापरताना फार जपावं. रिठा जास्त झाला तर केस कोरडे पडतात. आणि थापून तेल लावलेलं असेल तर एका धुण्यात निघत नाही, दोनदा धुवावं लागतं. तेल कमी लावणं हा सोपा उपाय. शेवटच्या तांब्याभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून केसांवरून ओतला आणि वर साधं पाणी घेतलं, तर चिकटलेले क्षार बरेचसे सुटतात.

तेलाचं म्हणाल तर खोबरेलाबद्दल चांगला पुरावा आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर तपासून पाहिलं. धुताना केसांतली प्रथिनं कमी झिजली ती फक्त खोबरेलाने. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्याने केसाच्या आत शिरतं. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतलं होतं हेही वाचकांना कळायला हवं. फायदा केस तुटण्याबद्दल आहे, नवे केस उगवण्याबद्दल नाही. माका, जास्वंद, कढीपत्ता घालून उकळलेल्या तेलांबद्दल केस वाढण्याचा तितका भक्कम पुरावा नाही. सुवास आणि मालिशीचं सुख मात्र खरं. कोंडा असेल तर तेल जिरवून ठेवू नये. कोंड्याला कारण होणारी बुरशी तेलातल्या आम्लांवरच पोसते.

अंगाला लावायला महागडं परदेशी ऑलिव्ह तेल आणण्याची गरज मला वाटत नाही. २०१३ मधल्या एका अभ्यासात ऑलिव्ह तेलाने त्वचेचा वरचा थर कमकुवत झाल्याचं दिसलं, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. घाण्यावरचं ताजं तीळतेल आपल्याकडे मिळतंच. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे मोहाच्या बियांचं तेल काढतात. थंडीत ते तुपासारखं थिजतं आणि टाचांच्या भेगांवर छान बसतं. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर खोबरेल तिथे टाळावं, ते रंध्रं बुजवू शकतं.

आता बाजारातल्या बाटलीकडे वळू. पुढच्या बाजूला कोरफडीचं पान, कडुनिंबाची डहाळी, हिरवा रंग. आपल्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांसाठी 'नैसर्गिक' किंवा 'हर्बल' असण्याची ठरलेली व्याख्या नाही, त्यामुळे पुढची बाजू वाचण्यात वेळ घालवू नका. बाटली उलटी करा. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. यादीत फिनॉक्सिइथेनॉल शोधा. हे टिकवण्यासाठी घालतात आणि त्याची मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे त्याच्यानंतर ज्यांची नावं आहेत ते सगळे साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी. कोरफड, माका, जास्वंद हे जर फिनॉक्सिइथेनॉल आणि परफ्यूमच्या मागे उभे असतील, तर तुम्ही पैसे चित्राचे देताय. आयुर्वेदिक परवान्यावर विकल्या जाणाऱ्या काही शाम्पूंवर वेगळीच पद्धत दिसते: दर १० मिलीमध्ये कुठली वनस्पती किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं आणि शेवटी 'शाम्पू बेस, आवश्यकतेनुसार'. त्या बेसमध्ये काय आहे ते सांगितलेलंच नसतं, आणि फेस तिथूनच येतो.

साबणाच्या वेष्टनावर 'टॉयलेट सोप' आहे की 'बेदिंग बार' तेही पाहावं. टॉयलेट सोपच्या पहिल्या श्रेणीत टीएफएम, म्हणजे साबणातला खरा मेदांश, किमान ७६ टक्के असावा लागतो, दुसऱ्या श्रेणीत ७०, तिसऱ्या श्रेणीत ६०. बेदिंग बारला ४० टक्के चालतो. हिरवा ठिपका एवढंच सांगतो की प्राण्यांची चरबी किंवा तत्सम काही नाही; लिपस्टिकमधला कार्माईन हा लाल रंग किड्यांपासून काढतात, तो टाळायचा असेल तर ठिपक्याचा उपयोग आहे. सौम्यपणाचं प्रमाणपत्र तो नाही.

टिकवण्याच्या द्रव्यांबद्दल, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हबद्दल, मी थोडी सविस्तर बोलणार आहे, कारण लोकांची सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते. पाणी आणि वनस्पतीचा अर्क एकत्र आले की जंतू आणि बुरशी यांना खायला-प्यायला दोन्ही मिळतं. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा हवेत घरी केलेलं कोरफडीचं जेल किंवा गुलाबपाणी बाहेर ठेवणं म्हणजे जंतूंची शेती करणं. वास येण्याआधीच ते बिघडलेलं असतं. म्हणून घरगुती पातळ प्रकार फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावेत. शिकेकाईचा काढाही त्यातच आला. कोरडी पूड नीट वाळवून हवाबंद डब्यात महिनोन् महिने राहते. तेलात पाणी नसल्याने जंतू वाढत नाहीत, पण ते खवट होतं, आणि खवट तेल त्वचेला त्रास देतं.

विकतच्या क्रीमला काहीतरी टिकवणारं लागतंच. पॅराबेन या टिकवणाऱ्या द्रव्यांविरुद्ध खूप बोललं गेलं. युरोपने त्यातल्या काहींवर बंदी घातली, पण मिथाइल आणि इथाइल पॅराबेन मात्र ०.४ टक्क्यांपर्यंत आजही चालतात. पॅराबेनच्या भीतीने अनेक उत्पादकांनी त्याऐवजी मिथाइलआयसोथायाझोलिनोन वापरायला घेतलं आणि त्याच्या ॲलर्जीची लाटच आली. अमेरिकेतल्या त्वचा-ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरवलं. पुढे युरोपला ते धुऊन न टाकल्या जाणाऱ्या क्रीम-लोशनमधून बंद करावं लागलं. तेव्हा एक नाव टाळलं की वस्तू सुरक्षित झाली असं होत नाही. त्याच्या जागी काय घातलं, ते विचारा.

घरची कोरफडही जपूनच वापरावी. पान कापलं की सालीलगत पिवळा, कडू चीक गळतो. त्यातल्या ॲलोइनने खाज आणि पुरळ उठू शकते. पान कापून देठाची बाजू खाली करून भांड्यात उभं ठेवावं, दहा-पंधरा मिनिटांत चीक निथळतो. मग काटेरी कडा काढून, वरची साल सोलून, आतला पारदर्शक गर पाण्यात एकदा धुऊन घ्यावा. एवढं केलं तर उन्हाने तापलेल्या त्वचेला तो खरंच गारवा देतो. रावेर-यावलकडे केळ्याचा लेप घरोघरी लावतात. पिकलेलं केळ ओलावा देतं, वाईट काही नाही. मात्र ज्यांना रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची ॲलर्जी आहे त्यांनी जपावं. रबर आणि केळं यांच्यातली काही प्रथिनं सारखी असल्याने एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, हळद, दिवाळीचं उटणं याबद्दल फार काही सांगायला नको, फक्त घासू नका, हलक्या हाताने लावा.

लिंबाबद्दल मात्र सांगायलाच हवं. कापलेलं लिंबू चेहऱ्यावर चोळायची सवय सोडा. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो, आणि लिंबाच्या सालीत जास्त व रसात थोडी अशी फ्युरोक्युमरिन द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात, कधी कधी महिनोन् महिने. आपल्या उन्हात हा धोका आणखी. रंग उजळायला लावलेल्या लिंबानेच चेहरा डागाळलेल्या मुली त्वचारोगतज्ज्ञांकडे येतात. उन्हापासून वाचवणारं, भरवशाचं असं कुठलंही वनस्पती तेल नाही. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन हे खनिज आहे, वनस्पतिजन्य नाही, आणि तेच वापरावं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला-तोंडाला रुमाल गुंडाळतात. कुठल्याही क्रीमपेक्षा ते कापड जास्त खात्रीचं.

सगळ्यात मोठी फसवणूक दोन ठिकाणी होते. एक काळी मेहंदी. खऱ्या मेहंदीत लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्याचा रंग तांबूस-तपकिरीच चढतो, तोही काही तासांनी. अर्ध्या तासात काळे केस करणाऱ्या पाकिटात बहुतेकदा पीपीडी असतं, पॅरा-फिनिलिनडायअमीन. ते सगळ्यांनाच त्रास देतं असं नाही, पण ज्यांना देतं त्यांचे डोळे सुजून बंद होतात, टाळूवर पाणी सुटतं. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते. जत्रेत हातावर झटपट काळी नक्षी काढून मिळते तिच्यातही हेच असू शकतं, मुलांना ती काढू देऊ नका. वनस्पतींनीच काळे करायचे असतील तर आधी मेहंदी, धुऊन झाल्यावर नीळ म्हणजे इंडिगोच्या पानांची पूड, असे दोन टप्पे लागतात. आणि तान्ह्या बाळाच्या हातापायांना शुद्ध मेहंदीसुद्धा लावू नये: काही बाळांमध्ये जी-६-पीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं, अशा बाळाच्या तांबड्या पेशी लॉसोनने फुटू शकतात.

दुसरी फसवणूक गोरेपणाची. 'जडीबुटीची' म्हणून डबीत विकली जाणारी, बॅच नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, आठ दिवसांत फरक दाखवणारी क्रीम. इतक्या लवकर फरक दाखवतो तो बहुतेकदा पारा किंवा स्टेरॉइड. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना अशा क्रीम वापरणाऱ्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडाचा विकार आढळला. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, केस उगवतात, आणि क्रीम बंद केली की चेहरा पेटतो. २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला सरकारने मनाई केली, पण डबीवर नावच नसेल तर कायदा काय करणार? सावळ्या लेकीच्या लग्नाची काळजी करणाऱ्या आयांना मी हात जोडून सांगते, ही डबी घरात येऊ देऊ नका. डोळ्यात घालायच्या सुरम्याबद्दलही तेच. पुष्कळदा तो शिशाचा सल्फाइड असतो.

बदल करताना सगळं एकदम फेकून देऊ नये. एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि तीन-चार आठवडे थांबावं, नाहीतर काय मानवलं आणि काय बाधलं ते कळत नाही. आधी केस धुणं, मग तेल, मग अंगाचा साबण, चेहरा सगळ्यात शेवटी. गजकर्ण, मुरमं, सोरायसिस यांची औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाहीत. कडुनिंबाच्या पाल्याने गजकर्ण बरं होत नाही, ते घरभर पसरतं. टी-ट्री, लवंग, लिंबूगवत यांची सुगंधी तेलं कधीही नुसती लावू नयेत, खोबरेलात काही थेंब घालूनच लावावीत. बचत गटाच्या ताईंकडून उटणं, साबण घेत असाल तर आनंदाने घ्या, पण विक्रीसाठी प्रसाधनं बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, तो क्रमांक वेष्टनावर आहे का पाहा. गट चालवणाऱ्या बायांनाही हे माहीत असलेलं बरं, माल अडकला तर कष्ट त्यांचे वाया जातात.

आणि नवी वस्तू, मग ती परसातली असो की दुकानातली, आधी कोपराच्या आतल्या मऊ जागेवर रुपयाएवढ्या भागात लावून पाहावी. क्रीम, तेल किंवा जेल असेल तर रोज दोनदा, आठवडाभर. काढा, लेप किंवा साबण असेल तर नेहमी जितका वेळ ठेवतो तितकाच ठेवून धुवावा. केसांच्या रंगासाठी वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे ४८ तास आधी. लाली, खाज, पुरळ आली तर साध्या पाण्याने धुऊन वस्तू बंद करावी. डोळे, ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठावा, आणि वेष्टन सोबत न्यावं. डॉक्टरांना घटकांची यादी त्यावरूनच वाचता येते.